कर्म न मागणारी चिकाटी

ताई,
मी ३९ वर्षांची आहे. घरातल्या आजारपणामुळे ११ वर्षं नोकरी करता आली नाही. मधल्या काळात घरूनच अकाउंटिंगचा कोर्स केला. कॉस्टिंगच्या पेपरात दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा सुटले. आता नोकरीसाठी अर्ज करते आहे. सोबतच्या पत्रात लिहिलं, ‘आय प्रिझर्व्ड थ्रू ऑल डिफिकल्टीज.’ कॉलेजात जाणाऱ्या मुलाने वाचलं आणि पोट धरून हसला. त्याने शब्द बदलून दिला (त्या कागदाचा फोटो जोडला आहे). मग मी नवं वाक्य केलं, ‘आय पर्सिव्हिअर्ड ऑल डिफिकल्टीज.’ मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवताना ‘पर्सेव्हर्ड’ म्हणाले, तर तीही हसली. म्हणाली, त्यापेक्षा ‘पर्सिस्टेड’ लिही, अर्थ एकच. खरंच एकच आहे का? हे क्रियापद वापरायचं तरी कसं? आणि नवऱ्याचं म्हणणं असं की माझ्यात चिकाटी नाही, नुसता हट्ट आहे, त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते विचार. तर तेही सांगा.
– तिसऱ्यांदा सुटलेली

*

तुमच्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य तुमच्या सहीत आहे. त्याच्याकडे शेवटी येते. आधी हसणाऱ्यांचा हिशेब करू.

‘प्रिझर्व्ह’ म्हणजे जतन करणं, खराब होऊ न देता ठेवणं. त्यामुळे तुमचं पहिलं वाक्य वाचताना प्रयोगशाळेतली काचेची बरणी डोळ्यांपुढे येते. आत औषधी द्रवात एक नमुना तरंगतो आहे, बाहेर अडचणी येताहेत नि जाताहेत, नमुना मात्र जसाच्या तसा. मुलगा हसला तो यामुळे, आणि खरं सांगायचं तर मीही हसले. पण ही चूक तुमची एकटीची नाही. तुम्हाला हवा होता ‘पर्सिव्हिअर’, म्हणजे अडचणी आल्या तरी नेटाने करत राहणं. दोन्ही शब्दांत तीच अक्षरं पुढेमागे होतात, आणि जन्मापासून इंग्रजी बोलणारेसुद्धा घाईत एकाच्या जागी दुसरा टाइप करून मोकळे होतात. कंप्युटर चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही शब्द खरेच असतात.

मुलाच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. तुमच्या पहिल्या वाक्याची बांधणी बरोबर होती. ‘थ्रू’ अगदी जागेवर होता, फक्त क्रियापद भलतंच आलं होतं. दुसऱ्या वेळी क्रियापद बरोबर आलं आणि तुम्ही ‘थ्रू’ काढून टाकलात. एकाचं धड दुसऱ्याला जोडलं असतं तर ‘आय पर्सिव्हिअर्ड थ्रू ऑल डिफिकल्टीज’ हे निर्दोष वाक्य तयार होतं.

‘थ्रू’वर एवढं का अडून बसायचं? कारण ‘पर्सिव्हिअर’ हे अकर्मक क्रियापद आहे. ते कर्म मागत नाही. आपण अडचणींवर मात करतो, अडचणी सोसतो, अडचणी पार करतो. तिथे अडचण हे क्रियेचं लक्ष्य असतं आणि इंग्रजीत ‘ओव्हरकम’, ‘एन्ड्युअर’ अशी सकर्मक क्रियापदं त्यासाठी आहेत. ‘पर्सिव्हिअर’मध्ये माणूस अडचणीला काहीच करत नसतो. तो आपलं काम करत असतो, अडचण त्या कामाच्या आसपास उभी असते. म्हणून तिला वाक्यात आणायची तर मध्ये एखादं शब्दयोगी अव्यय घालावं लागतं. आणि नाही आणली तरी बिघडत नाही. स्कॉटलंडमध्ये एडिंबराला लागून लीथ नावाचं जुनं बंदर आहे, त्याचं ब्रीद एकाच शब्दाचं आहे: ‘पर्सिव्हिअर’. काय, कशात, कशासाठी, काही नाही. तरी वाक्य पूर्ण.

आता ती मधली अव्ययं. सगळ्यात जास्त लागतं ते ‘विथ’: ‘शी पर्सिव्हिअर्ड विथ द कोर्स’, तिने कोर्स नेटाने चालू ठेवला. हाती घेतलेल्या कामाच्या आधी ‘विथ’ घाला, चुकणार नाही. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत हे माणसांबद्दलही म्हणतात. ‘द टीचर पर्सिव्हिअर्ड विथ हर’ म्हणजे शिकवणाऱ्याने तिच्या बाबतीत आशा सोडली नाही, तिच्यावर मेहनत घेत राहिला. ‘इन’ जरा भारदस्त, प्रयत्न किंवा हेतू यांच्याआधी येतो, आणि त्याच्यापुढे क्रियापद आलं तर ‘इंग’ लावून: ‘पर्सिव्हिअर्ड इन लर्निंग’. ‘पर्सिव्हिअर्ड टू लर्न’ आजच्या कानाला खटकतं. अडचणीच्या आधी ‘थ्रू’ किंवा ‘डिस्पाइट’. बस, एवढ्यावर जन्म निघेल.

व्याकरणापेक्षा मला या शब्दाचा स्वभाव जास्त मोलाचा वाटतो. त्याला तीन गोष्टी लागतात: करणाऱ्याची इच्छा, वाटेतला अडथळा आणि बराच वेळ. एक जरी नसली तरी शब्द लंगडतो. रोज सकाळी दात घासतो त्याला ‘पर्सिव्हिअर’ म्हणत नाहीत, अडथळाच नाही. एकदाच जोर लावून दार उघडलं तर तेही नाही, वेळ कुठे लागला? आणि चौथी गोष्ट, जी पुष्कळ लोक गृहीत धरतात, ती या शब्दात मुळीच नाही. यश. ‘ओव्हरकेम’ म्हटलं की जिंकल्याची बातमी आली. ‘पर्सिव्हिअर्ड’ म्हटलं की एवढंच कळलं की माणसाने मैदान सोडलं नाही. ‘ती वर्षानुवर्षं झटली आणि तरी जमलं नाही’ हे या क्रियापदाने बिनदिक्कत सांगता येतं. तेव्हा अर्जात नुसतं ‘पर्सिव्हिअर्ड’ लिहून थांबलात तर वाचणाऱ्याच्या मनात ‘मग पुढे काय झालं?’ हा प्रश्न उरतो.

आता मैत्रिणीचं ‘पर्सिस्ट’.

या शब्दाशी आपलं दूरचं नातं आहे, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ‘पर्सिस्ट’च्या पोटात लॅटिन ‘सिस्तेरे’ आहे, म्हणजे उभं करणं, उभं राहणं. संस्कृतातलं ‘तिष्ठति’ त्याच मुळाचं. आपण कोणासाठी तासभर तिष्ठत बसतो ना, ते तिष्ठणं आणि इंग्रजांचं ‘पर्सिस्ट’ ही एका आजीची नातवंडं. ‘इन्सिस्ट’, ‘रेझिस्ट’, ‘कन्सिस्ट’, ‘असिस्ट’ हीसुद्धा त्याच घरातली.

उभं राहणं हा मूळ अर्थ धरला की फरक आपोआप कळतो. उभं राहायला इच्छाशक्ती लागत नाही. दगडही उभा असतो. म्हणून ताप ‘पर्सिस्ट’ होतो, खोकला होतो, पाऊस, वास, शंका, गैरसमज सगळे होतात. औषधाच्या खोक्यावर ‘इफ सिम्प्टम्स पर्सिस्ट’ छापलेलं असतं: लक्षणं टिकून राहिली तर डॉक्टरांना दाखवा. तिथे ‘पर्सिव्हिअर’ छापलं तर अर्थ होईल की खोकला बिचारा मोठ्या जिद्दीने, अपयशाला न जुमानता खोकतो आहे. ‘पर्सिव्हिअर’ फक्त मन असलेल्यांसाठी.

माणसाबद्दल ‘पर्सिस्ट’ वापरता येतं, पण त्याला किंचित आठी असते. विशेषतः ‘पर्सिस्ट इन’ आणि पुढे ‘इंग’ आलं की समजावं, बोलणारा वैतागला आहे: ‘ही पर्सिस्ट्स इन ब्लेमिंग मी’, सांगून सांगून थकले तरी हा दोष मलाच देतो. याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या सिनेटमधलं आहे. ७ फेब्रुवारी २०१७ रोजी सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांचं भाषण मध्येच थांबवण्यात आलं. त्याचं समर्थन करताना बहुमतवाल्या पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल म्हणाले की त्यांना ताकीद दिली होती, कारण समजावलं होतं, ‘नेव्हरदलेस, शी पर्सिस्टेड’. म्हणजे एवढं करूनही बाई ऐकेनात. ही तक्रार होती. पण दुसऱ्या बाजूच्या लोकांनी तेच तीन शब्द उचलले आणि अभिमानाची घोषणा म्हणून मिरवले. मॅकॉनेल ‘पर्सिव्हिअर्ड’ म्हणाले असते तर ती त्यांच्याच तोंडून प्रशंसा झाली असती, म्हणून ते तसं म्हणणं शक्यच नव्हतं.

तेव्हा ‘अर्थ एकच’ हे मैत्रिणीचं म्हणणं मला मान्य नाही. नोकरीच्या अर्जात ‘आय पर्सिस्टेड’ चूक नाही, पण ‘पर्सिव्हिअर्ड’मधला आदर त्यात नाही.

‘चिकाटी’चं सरळ क्रियापद तुम्ही इंग्रजीत शोधता आहात. गंमत अशी की ते इंग्रजीत आहे, मराठीत नाही. चिकाटी हे नाम. ती धरावी लागते, दाखवावी लागते. ‘चिकाटणे’ असं काही आपण म्हणत नाही. तग धरणं जवळचं वाटतं, पण त्यात नुसतं टिकणं आहे, काम करणं नाही. ‘नेट लावणे’मध्ये जोर आहे, पण वेळ कमी. मग मराठी माणूस काय करतो? क्रियापदाच्या आसपास बारीकसारीक शब्द पेरतो. तीन वाक्यं बघा.

ती शिकत राहिली.
ती तरीही शिकत राहिली.
तो बोलतच राहिला.

पहिलं साधं ‘कन्टिन्यूड’. दुसऱ्यात ‘तरीही’ आला आणि त्याच्यामागे न सांगितलेल्या सगळ्या अडचणी उभ्या राहिल्या; हे ‘पर्सिव्हिअर्ड’. तिसऱ्यात एक ‘च’ चिकटला आणि ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडली; हे ‘पर्सिस्टेड’. मी भाषांतराच्या वर्गात हीच युक्ती सांगते: इंग्रजीत ‘पर्सिव्हिअर’ दिसलं की मराठीत आधी ‘तरीही’ बसतो का ते बघा, मगच शब्दकोश उघडा. (‘च’ कधीकधी कौतुकाचाही असतो, हे मान्य. ‘शिकतच राहिली’ हे आवाजाच्या चढउतारावर ठरतं. पण लिहिताना आवाज सोबत जात नाही.)

आता नवरोबांचा प्रश्न. हट्टाला ‘स्टबर्ननेस’ म्हणतात, जरा शिष्ट भाषेत ‘ऑब्स्टिनसी’. शब्द मिळाला, आता त्यातली मेख ऐका. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात, आपण शाळेत क्रियापद चालवतो तसं एक विशेषण चालवून दाखवलं होतं: मी ठाम, तू हट्टी, तो आडमुठा मूर्ख. गुण एकच, बोलणारा कुठे उभा आहे त्यावर त्याचं नाव बदलतं. ‘पर्सिव्हिअर’ हा असाच बघणाऱ्याने दिलेला निकाल आहे. तुम्ही पुस्तक उघडून बसलात एवढी घटना. ती चिकाटी की हट्ट, हे त्या पुस्तकाबद्दल बघणाऱ्याचं काय मत आहे त्यावर ठरतं. नवऱ्याच्या मते कोर्स करण्यात अर्थ नव्हता, म्हणून हट्ट.

हा शब्द जन्मापासून सज्जनही नव्हता. त्याचं मूळ लॅटिन ‘सेवेरुस’, म्हणजे कडक, कठोर. इंग्रजी ‘सिव्हिअर’ त्याच्यातूनच आलं. पुढे लागलेला ‘पर’ म्हणजे पूर्णपणे, शेवटपर्यंत. स्वतःशी पूर्ण कडक राहायचं ते ‘पर्सिव्हिअर’. पण कडक कशासाठी, हे लॅटिनने सांगितलं नव्हतं. एक जुनी लॅटिन म्हण आहे: चुकणं माणसाचं, चुकीलाच धरून बसणं सैतानाचं. तिथलं धरून बसणं म्हणजे नेमकं हेच क्रियापद, ‘पर्सेवेरारे’. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजा झालेला काका पुतण्याला सुनावतो की बापासाठी इतका काळ शोक करत राहणं हा अधार्मिक हट्ट आहे, आणि शोक करत राहण्याला तो हेच क्रियापद वापरतो. मानसशास्त्रात आजही ‘पर्सेव्हरेट’ नावाचं भावंड आहे: गरज संपल्यावरही मेंदू तीच कृती, तोच शब्द पुन्हापुन्हा करत राहतो तो प्रकार. ‘पर्सिव्हिअर’ मात्र इंग्रजीत हळूहळू सुधारलं, आणि आता ते जवळजवळ नेहमी कौतुकानेच म्हणतात.

आपल्याकडची ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ याच्या अगदी उलट वाटेने गेली. शाळेच्या भिंतीवर ती चिकाटीची थोरवी म्हणून रंगवतात. मूळ श्लोक भर्तृहरीच्या नीतिशतकातला, मराठी वामन पंडितांचं. चारही ओळी वाचल्या तर सांगणं वेगळंच निघतं: एकवेळ वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाची समजूत घालता येणार नाही. म्हणजे कवी काही प्रयत्न कधी सोडून द्यावा ते सांगत होता. आपण पहिली ओळ ठेवली, बाकीच्या तीन विसरलो. नवरोबांनी वाद वाढवला तर हा श्लोक हाताशी असू द्या. मूर्ख कोण, याचा उल्लेख टाळा.

उच्चाराबद्दल. बरोबर उच्चार पर्-सि-व्हिअर, जोर शेवटच्या तुकड्यावर, ‘सिव्हिअर’शी यमक जुळेल असा. नामही तसंच: पर्सिव्हिअरन्स. मीही तरुणपणी कितीतरी वर्षं ‘पर्सेव्हर’ म्हणत असे आणि तसंच शिकवतही असे. एका कार्यशाळेत व्यासपीठावरून मोठ्या तोऱ्यात म्हणाले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर करून शांतपणे दुरुस्त केलं. घरी जाऊन शब्दकोश उघडला, ती बरोबर होती. पण त्याच शब्दकोशाने माझी थोडी लाजही राखली. १४व्या शतकात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि शेक्सपिअरच्या काळी, म्हणजे १६००च्या आगेमागे, त्याचा उच्चार मधल्या तुकड्यावर जोर देऊन ‘पर्सेव्हर’ असाच होत होता. जोर शेवटी सरकला तो नंतर. मैत्रीण पुन्हा हसली तर सांगा, मी जुन्या नाटकातलं इंग्रजी बोलत होते.

आजचा उच्चार कानात बसवायचा सोपा उपाय म्हणजे मंगळावरच्या गाडीच्या बातम्या ऐका. नासाची ‘पर्सिव्हिअरन्स’ ही रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळाच्या जेझेरो विवरात उतरली, त्या दिवसाच्या चित्रफितींत हा शब्द शंभरदा येतो. तिचं नाव शाळकरी मुलांच्या निबंधांतून निवडलं होतं. २८ हजार निबंध आले, त्यांत सातवीतल्या एका मुलाचा निवडला गेला. त्याचं म्हणणं साधारण असं की जिज्ञासा, संधी अशी माणसाच्या गुणांची नावं आधीच्या यानांना दिली, पण त्यांतला सगळ्यात महत्त्वाचा गुण राहूनच गेला. मी मघाशी म्हटलं की हा शब्द मन असलेल्यांसाठीच, आणि नासाने तो एका यंत्राला दिला. शास्त्रज्ञ तिला लाडाने ‘पर्सी’ म्हणतात, तेव्हा मन त्यांनी गृहीतच धरलं असावं.

आता तुमच्या पत्राकडे. माझा सल्ला असा की ‘पर्सिव्हिअर्ड’ लिहूच नका.

हे इतकं सगळं ऐकवून झाल्यावर तुम्हाला राग येईल, पण कारण वरच आलं आहे. हा निकाल आहे, आणि आपल्याच खटल्याचा निकाल आपणच लिहिला तर वाचणारा मनातल्या मनात ‘बरं बरं’ म्हणून पुढे जातो. ‘आय ॲम अ परसन हू पर्सिव्हिअर्स’ हे वाक्य अर्ज वाचणाऱ्यांनी इतक्या वेळा वाचलेलं असतं की ते त्यांना दिसतही नाही. शिवाय ‘ऑल डिफिकल्टीज’ म्हणजे कुठल्या? त्यांना काहीच कळत नाही. त्यापेक्षा जे घडलं ते लिहा. तुमची सही इंग्रजीत करा:

‘आय फेल्ड द कॉस्टिंग पेपर ट्वाइस अँड पास्ड इट ऑन माय थर्ड अटेम्प्ट, व्हाइल केअरिंग फॉर अ फॅमिली मेंबर ॲट होम.’

नापास झाल्याचं लिहायला लाज वाटेल. वाटू द्या. या वाक्यात इच्छा आहे, अडथळा आहे, वेळ आहे, आणि ‘पर्सिव्हिअर’मध्ये नसलेली चौथी गोष्ट, निकालही आहे. ‘पर्सिव्हिअर्ड’ हा शब्द वाचणारा स्वतःच्या मनात म्हणेल, आणि तो त्याने म्हटलेला जास्त चांगला. तुम्हाला शिफारसपत्र देणारं कोणी असेल, कोर्सच्या शिक्षकांसारखं, तर त्यांना मात्र हा शब्द जरूर वापरू द्या. ‘शी पर्सिव्हिअर्ड विथ द कोर्स डिस्पाइट टू सेटबॅक्स’ हे त्यांच्या लेखणीतून आलं तर शोभतं.

मुलाखतीत तोंडी बोलतानाही हा शब्द जड पडेल. लोक बोलताना ‘आय केप्ट ॲट इट’, ‘आय स्टक विथ इट’ असं म्हणतात. ‘आय डिडन्ट गिव्ह अप’ही चालेल, फक्त ते थोडं भाषणासारखं वाजतं.

आणि एक शेवटचं. मुलाने दुरुस्त केलेल्या कागदाचा फोटो मी मोठा करून पाहिला. या शब्दात नऊ अक्षरं आहेत, त्यांत चार ‘ई’, दुसरा एकही स्वर नाही. ‘पर’ लिहा आणि पुढे ‘सिव्हिअर’ जसाच्या तसा जोडा, की स्पेलिंग झालं. तुमच्या चिरंजीवांनी लाल पेनाने जो शब्द लिहिला आहे त्यात दहा अक्षरं आहेत. ‘सिव्हिअर’च्या पोटात, ‘व्ही’च्या आधी, एक जास्तीचा ‘आर’ आहे. त्यांना मोजायला सांगा.